कापलेलं तोरण

गावचा स्थापना दिन आला की मंडपात देवायतबापूंचा जयघोष होतो. मुहूर्त गाठून तोरण बांधलं, ओसाड रानात गाव वसवलं, वगैरे वगैरे. मी मागे बसून ऐकते आणि माझं डोकं फिरतं. कारण त्यांनी मुहूर्तावर वसवलं ते गाव हे नव्हेच.

बापू माझे पणजोबा. दुष्काळात गुरं मेली तेव्हा आहिरांची काही घरं घेऊन ते कच्छच्या या बाजूला आले. आमच्यात दोन खांब रोवून तोरण बांधलं की गाव वसलं. शहाणा माणूस आधी विहीर खणतो, पाणी चाखतो. बापूंनी मुहूर्त टळेल म्हणून आधी तोरण बांधलं. मग विहिरीला पाणी लागलं ते खारं, तोंडात धरवेना असं.

गोडं पाणी टेकडीपलीकडे सापडलं. पण बांधलेलं तोरण काढणं म्हणजे नांदत्या गावाचा गळा कापणं. काढणाऱ्याचं पाऊल नव्या गावात पडलं तर तेही बुडतं म्हणे. त्यामुळे हलायचं सगळ्यांना होतं, तोरणाला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

बापूंची धाकटी सून राणल. तिचं दूध आटलं, आणि खारं पाणी घातलेल्या शेळीच्या दुधानं तिचं तान्हं पोर सुकत चाललं.

सून सासऱ्याशी बोलत नाही. पदराआडून ती थोरल्या जावेला मोठ्यानं म्हणाली, "जीवीभाभी, विचारा बापूंना, तोरण मोठं की नातू?"

बापू खाटेवरून गरजले, "सांग तिला, मी जिवंत असेपर्यंत ते सुटायचं नाही!"

"मग विचारा, आधी कोण जायचं? ते, की माझा लेक?"

"अगं, मार खाशील!" जीवी कुजबुजली.

"मी कुठं बोलतेय? बोलताय तर तुम्ही."

सकाळी सगळ्यांदेखत राणलनं विळ्यानं तोरण कापलं. कुणी अडवलं नाही, नुसते बघत राहिले. मला राग येतो तो याचाच. दुपारपर्यंत सगळ्यांच्या गाड्या भरूनही झाल्या होत्या.

टेकडीपलीकडे नवं तोरण लागलं. बापूंनी तिला खांबांपाशी अडवलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले, "पोरी, तू आत यायचं नाहीस."

तिचा नवरा मांडण खाली मान घालून बैलाचं जू सोडत राहिला.

"आणि हा?" पदर मागे सारून, कडेवरचं पोर पुढे करत तिनं विचारलं.

"तो आमचा आहे. तो आत येईल."

जीवीला मूलबाळ नव्हतं. राणलनं लेकाचं तोंड पुसलं आणि त्याला तिच्या हातात दिलं. "पाणी थोडं थोडं पाजा," म्हणाली. "एकदम नको."

तोरणाबाहेर तिला एक झोपडी बांधून दिली. जीवी रोज तिथे भरलेला घडा ठेवून येई. पोर वाचलं, अंगानं भरलं, गावभर हुंदडू लागलं. ते माझे वडील.

ते जीवीला आई म्हणत. खेळता खेळता तोरणाबाहेर आले की झोपडीच्या दारात उभे राहून ओरडत, "काकी, खायला दे!"

राणल बाजरीच्या रोटल्यावर गूळ ठेवून त्यांच्या हातात देई आणि म्हणे, "खा रे, जीवीभाभीच्या लेका."