कॅसेटमधली मोकळी जागा

आधी सुपावरून फिरणाऱ्या खराट्याच्या हिरांचा आवाज येतो. बारीक, कोरडा, सळसळता. तुऱ्यावर आलेल्या उसाच्या पाल्यातून वारा जावा तसा. मग त्या सळसळीच्या काठावर पेटीचे सूर एकेक करून येऊन बसतात, परक्या घरी आल्यासारखे जरा अंग चोरून. पेटी एक चाल धरते, वळवते, परत जागेवर आणते आणि अचानक मागे सरते. सूप चालूच राहतं. त्या दोघांच्या मधोमध एक मोकळी जागा उघडते. ताट वाढून झालं आहे आणि जेवणारा हात धुवायला उठला आहे, असं वाटावं इतकी ताजी.

ती जागा दस्तगीरचाचांची आहे.

इस्लामपुरातल्या एका अरुंद बोळात ते आणि खैरूनचाची राहतात. माघातलं ऊन बोळात थोडाच वेळ उतरतं, तेवढा वेळ चाचा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. गळिताचा हंगाम असतो. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी तरंगत येते आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीवर, पांढऱ्या सदऱ्यावर अलगद टेकते. ते ती झटकत नाहीत. त्यांचे ओठ रुंद आहेत, मधोमध एक जुना घट्टा पडलेला, आणि बोटं कधीच स्वस्थ नसतात. चहाच्या कपावर, खुर्चीच्या दांडीवर, स्वतःच्या गुडघ्यावर ती काहीतरी दाबत असतात, सोडत असतात.

चाचा सॅक्सोफोन वाजवायचे. आता पुढचे वरचे दात गेले. सॅक्सोफोनचं तोंड त्या दातांवर टेकवावं लागतं. कवळी लावून पाहिली तर ती हलते आणि सूर फाटतो. चाची म्हणतात, “एवढी हौसंनं कवळी आणली, पर ती काय ह्यांच्या तोंडात नांदंना.” चाचाही हसतात, ओठ मिटून. वाद्य त्याच्या खोक्यात पडून आहे. पितळेवर हिरवट डाग चढले आहेत.

मिसरूड फुटायच्या सुमाराला ते पलटणीच्या बँडमध्ये गेले होते. तिथल्या एका गोवेकर बँडमास्तरांनी त्यांना शनिवारी साहेबांच्या मेसमध्ये वाजवायला जॅझ शिकवलं. जॅझमध्ये चाल सगळ्यांची मिळून असते, पण मध्येच एकेकाला मोकळं सोडतात. त्यानं त्या घडीला मनात येईल ते वाजवायचं, आणि बाकीच्यांनी त्याला खाली नुसतं धरून ठेवायचं. “दिवसभर सलाम ठोकून हात दुखायचा, पोरी,” चाचा मला म्हणाले होते. “त्येवढ्या चार मिनटांत मातर माझ्यावर कुणाचाच हुकूम न्हवता.”

पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा त्या चार मिनिटांना इथे जागा नव्हती. इथे लग्नं होती. लोणंदपासून सांगलीपर्यंत त्यांनी वराती वाजवल्या. झालरीची टोपी घालून, डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायांच्या मधून, घोड्यापुढे. मांडवाबाहेर वाजवलं, शेवटच्या पंगतीला जेवले. ज्यांच्या वाजवण्यावर आख्खा मुलूख नाचला त्यांच्याकडे नाचताना वळून पाहायची कुणाला गरज पडली नाही.

जॅझ मग घरात आलं. लष्कराच्या कँटीनमधून आणलेला एक टेपरेकॉर्डर होता. भजनी मंडळात पेटी वाजवणारे निवृत्तीनाना हे शेजारी होते. चाचांनी त्यांना ते परके स्वर बोटं धरून शिकवले. आणि ताल सापडला तो जेवताना. चाची ओट्याशी गहू पाखडत होत्या आणि चाचांचा घास हातातच राहिला. त्यांनी खराट्याचे हीर उपसून जुडी बांधली, चाचींच्या हातात दिली आणि म्हणाले, सुपावरनं फिरव, झाडल्यागत. तेव्हापासून दुपारच्या निवांत वेळी हे तिघं बसत. कॅसेटमध्ये चाचींच्या बांगड्या आहेत, कुकरची शिट्टी आहे, रस्त्यानं गाणं लावून जाणारा उसाचा ट्रॅक्टर आहे, निवृत्तीनानांचा खोकला आहे. नाना आता नाहीत. त्यांचा खोकला आहे.

मी चळवळीच्या घरात वाढलेली. पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून अक्षरं शिकलेली. चाचांच्या ट्रंकेत कॅसेटी आहेत हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयारच झाला: ज्यांनी आयुष्यभर मांडवाबाहेर वाजवलं, त्यांना आता ऐका. मी सांगलीहून टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. हिवाळाभर आम्ही तिघं एकेक कॅसेट ऐकत गेलो. सूप होतं. पेटी होती. चाल वळून यायची, पेटी मागे सरायची, जागा उघडायची. आणि त्या जागेत कुणीच यायचं नाही. एकाही कॅसेटमध्ये दस्तगीरचाचा नव्हते.

त्यांनी रियाजासाठी फक्त साथ भरून ठेवली होती. सकाळी गच्चीवर कॅसेट लावायची आणि त्या मोकळ्या जागेत उभं राहून वाजवायचं. मी जरा रागानंच विचारलं, स्वतःचं एकदाही का भरलं नाही?

“माझं कशाला भरायचं? मी हुतोच की तितं!”

ते हसले. मग हसू ओठांवरच विझत गेलं, शेगडीतला निखारा राखेखाली जावा तसं. गुडघ्यावर बोटं दाबत म्हणाले, “पर आता येक डाव ऐकावं वाटतंय. वाजवणाराला आतनं कळत न्हाई गं. दात, हाडं, कवटी समदंच वाजतंय. भाईरनं मी कसा ऐकू येत हुतो, त्ये मला ठावंच न्हाई. कुठंतरी घावतंय का बघ.”

माणसाला आपला चेहरा आरशात तरी दिसतो. या माणसानं उभा जन्म एक आवाज घडवला आणि तो बाहेर गेला कसा, कुणाच्या अंगणात उतरला कसा, हे त्याला कधी कळलंच नाही. मला पत्रक विसरायला झालं. मला तो आवाज हवा होता, त्यांच्यासाठी.

लग्नांच्या व्हिडिओत असणार, असं मला वाटलं. उंब्रजला एका घरात तसा एक व्हिडिओ सापडला. त्यात ते खरोखरच होते. काळ्या दाढीचे चाचा बँडच्या पुढे, गाल फुगलेले, पितळेवर बत्तीची लांब रेघ. वरात चौकात थांबली आणि त्यांनी डोळे मिटले. बोटं वेगळ्याच वाटेनं निघाली. शेजारच्या ट्रंपेटवाल्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी, त्या चौकात, नाचणाऱ्या करवल्यांच्या मागे, चाचा आपल्या चार मिनिटांत शिरले होते. मला ते दिसत होतं. ऐकू येत होतं सिनेमातलं एक गाणं, स्टुडिओतलं, गुळगुळीत.

घरमालक अभिमानानं म्हणाले, “बँडचा आवाज लय कर्कश यायचा, म्हणून काढायला लावला. गाणं टाकल्यावर व्हिडिओ कसा शोभतोय बघा.”

मी आणखी घरं फिरले. सगळीकडे चित्रात चाचा होते, आवाजात गाणं होतं. घरातल्या कॅसेटमध्ये त्यांच्यावाचून आवाज, लग्नांच्या व्हिडिओत आवाजावाचून ते. पत्रकाच्या शेवटी ज्याचं नाव ठळक ठशात छापतात तो गुन्हेगार मला सापडेना. व्हिडिओवाल्यानं रीत पाळली होती. घरमालकानं शोभा पाहिली होती. कुणी कुणाचं काही लुटलं नव्हतं, आणि एक माणूस पुरता नाहीसा झाला होता. या मुलखावरचा माझा राग तेव्हापासून शमलेला नाही. तो कुणाच्या दारात नेऊन टाकावा, हेही कळलेलं नाही.

इस्लामपूरला परत गेले. सापडलं नाही, हे तोंडानं सांगवेना. मोबाइलवर उतरवून आणलेला उंब्रजचा चौक आवाज बंद करून चाचांपुढे धरला. ते पाहत राहिले. गुडघ्यावरची बोटं चित्रातल्या बोटांना गाठायला धावली, मागे पडली, थांबली. मग मला सुचलं. इतकी वर्षं त्यांना बाहेरून ऐकणारं एक माणूस याच घरात होतं. मी कॅसेट लावली. सूप, पेटी, आणि ती जागा उघडताच मी म्हणाले, “चाची, इथं चाचा काय वाजवायचे? गुणगुणून दाखवा ना.”

चाचांनी मान वळवली. त्यांनी हे बायकोला कधी विचारलं नसावं. चाचींनी डोळे मिटले, ओठ उघडले, पुन्हा मिटले.

“कुठलं सांगू?” त्या म्हणाल्या. “रोज येगळं असायचं. येकदा वाजिवल्यालं फिरून कवा आलंच न्हाई.”

जागा सुपाच्या आवाजात पुढे सरकत होती. चाचा त्या जागेकडे पाहत होते, गाडी निघून गेलेल्या फलाटाकडे पाहावं तसं. मग अगदी हळू, नव्या नवऱ्यासारखं लाजून त्यांनी विचारलं, “पर बरं हुतं का?”

“बरं नसतं तर,” चाची म्हणाल्या, “पेटती चूल टाकून सुपावर बसले असते व्हय मी?”

पेटी परत आली. चाल पुरी झाली. निवृत्तीनाना खोकले आणि कॅसेट खटकन थांबली.

चाचा उठून दाराबाहेर खुर्चीवर जाऊन बसले. चाचींचं उत्तर त्यांना पुरलं का, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या सदऱ्यावर काजळी उतरत होती आणि आत चाची कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेत होत्या. काळानं ती जागा जशीच्या तशी राखली आहे. ज्याच्यासाठी ती उघडी आहे तो उंबऱ्यापलीकडे बसला आहे, आणि तो आत आला होता तेव्हा कसा आला होता, हे त्याला सांगू शकेल असं या जगात आता काहीच वाजत नाही.