ट्वायलाची सेव्हन मॅग्नम

माझी थोरली बहीण ट्वायला एकाहत्तर वर्षांची आहे. लाकडाच्या गिरणीतल्या पहिल्या पगारातून तिनं सेव्हन मॅग्नम ही मोठ्या काडतुसाची रायफल घेतली होती. एल्क या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीला अजून तीच नेते. यंदा मी नवी रायफल घेतली, लहान काडतुसाची, खांद्याला हलका दणका देणारी, आणि उन्हाळाभर ट्वायलाचं डोकं खाल्लं.

"अगं, म्हातारं झालं ते काडतूस. आता कुणी विचारत नाही त्याला."

"मलाही कुणी विचारत नाही. म्हणून काय घरात बसू?"

"खांदा निखळेल एक दिवस."

"दोन नवरे सोडून गेले, ही टिकली. तू तुझं खेळणं सांभाळ."

ऑक्टोबरात सॅमन नदीच्या वरच्या, बर्फ पडलेल्या डोंगरावर आम्ही उजाडताना पोचलो. दोघींकडे एकेका मादीचा परवाना होता. समोरच्या उतारावर, अडीचशे पावलांवर, कळप चरत होता. मी आधी गोळी झाडली. एक मादी चार पावलं चालली आणि बसली. बाकीचा कळप उधळला, पण झाडांपाशी जाऊन, एल्क करतात तसा, वळून बघत थांबला. तेवढ्यात माझ्या कानाशी ट्वायलाची मॅग्नम गरजली. दुसरी मादी जागच्या जागी कोसळली.

आम्ही एकमेकींच्या गळ्यातच पडलो. मग भानावर आलो. दोन एल्क, दोन म्हाताऱ्या, आणि गाडी चार मैलांवर!

मांस सोडवायला ट्वायलानं जाकीट काढलं, तेव्हा आत खांद्यापाशी काहीतरी शिवलेलं दिसलं. गरम भांडी उचलायचं जाड फडकं होतं ते, कोंबड्यांच्या चित्रांचं.

"हे काय गं?"

ती लाजली. "तीन वर्षं झाली. दणका सोसवत नाही आता. काडतुसं घरीच भरते ना, त्यात दारूही थोडी कमीच घालते."

मी हसून हसून बर्फात बसले. तीही बसली. तिची गोळी लागलेली मी पाहिली होती. कमी दारूतही काम चोख झालं होतं. मी म्हटलं, "काडतूस चांगलंय गं. शिवण मात्र भिकार आहे. आण इकडे, मी नीट शिवून देईन."

फोन करून शेजारच्या ऑर्व्हिलला बोलावलं. तो दुपारी चार खेचरं घेऊन आला आणि आल्या आल्या ऐटीत म्हणाला, "थांबा, सांगू नका. कुठली मॅग्नमनं पडली ते मी जखम बघून ओळखतो." दोन्ही निरखून त्यानं माझ्या मादीवर बोट ठेवलं.

"चूक!" आम्ही एकदम ओरडलो.

"मग वाद कसला घालत होता उन्हाळाभर?"

"वेळ जायला," ट्वायला म्हणाली.

खेचरं लादून झाल्यावर ऑर्व्हिलनं शेकोटीवर कांदा आणि कलेजी परतली. तव्यातूनच खाताना जीभ भाजली, तरी कुणी थांबलं नाही.