पुलावरचा सातवा फोन

विभागीय संरक्षण कचेरीच्या टेलिफोनवर बावीस वर्षं बसलेल्या बाईंनी पुलावरच्या चौकीचा सातवा फोन उचलला. पलीकडे सुभेदार होता.

"बाई, तोफगोळे निघाले का? समोरच्या काठावर रणगाडे दिसायला लागलेत."

"विचारून सांगते."

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. सगळ्या विभागाचा बचाव ज्यांच्या जिवावर, ते साहेब खुर्चीवर उभे राहून भिंतीवरचा आरसा उतरवत होते. खाली आवारात, तोफगोळ्यांसाठी राखलेल्या ट्रकांत त्यांचं कपाट आणि गालिचे चढत होते.

"निघाले म्हणून सांगा," साहेब मान न वळवता म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तग धरायला सांगा. तेवढ्यात आपण घाट ओलांडतो."

बाईंना साहेबांची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या जिभेची आली. सकाळपासून सहा वेळा त्यांनी हेच खोटं सांगितलं होतं, आणि सहाही वेळा सुभेदाराने बिचाऱ्याने 'बरं' म्हटलं होतं. त्याच पुलावर बाईंचा धाकटा दीर होता.

बाई आपल्या जागेवर परतल्या.

"सुभेदार, काहीही निघालेलं नाही. ट्रकांत साहेबांचं घरसामान भरलंय. माणसं घेऊन मागे या."

"हा हुकूम कुणाचा समजू?"

"माझाच समजा."

चौकीवरच्या साठातले चौतीस जण दुपारी परतले. दीर त्यांत होता, एक हात गळ्यात बांधलेला. अंधार पडायच्या आत शहर शत्रूच्या हाती गेलं.

चौथ्या दिवशी निर्वासितांच्या छावणीत रेडिओवर साहेबांचा आवाज आला. पुलावरच्या भित्र्या जवानांनी पळ काढला, म्हणून विभाग पडला, असं ते सांगत होते. दीर उठून बाहेर गेला.

बाईंनी सातही फोन वेळेसकट कागदावर लिहिले, खाली सही केली आणि तो विभाग कसा पडला याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला दिला. त्याने वाचून कागद खणात सरकवला.

"बाई, यात तुम्हीच अडकाल."

"अडकवा. पण आधी तो कागद बाहेर काढा."

कागद काही बाहेर आला नाही. महिन्याभरात साहेबांना दुसरा विभाग मिळाला. बाईंनी मग तोच मजकूर पुन्हा लिहिला आणि छावणीत पाण्याच्या रांगेत, पुलावर मेलेल्यांच्या आयांसमोर मोठ्याने वाचला.