कधीही ये

आमच्या मालकीणबाई बू मुर्तिनींनी वेनिंगला आपल्या खाऊच्या स्वयंपाकघरात तीन महिन्यांसाठी कामाला घेतलं, त्यात त्यांचं जाण्यासारखं काहीच नव्हतं. पगार द्यायचा नाही, कारण हे प्रशिक्षण. जिल्हा कचेरीतल्या बैठकांना खाऊचे खोके पुरवायचं कंत्राट निघणार होतं आणि विशेष शाळेतल्या मुलांना हाताशी धरणाऱ्यांना त्यात झुकतं माप मिळणार, अशी जावा बेटावरच्या आमच्या क्लातेन गावभर कुजबुज होती. शिवाय फोटो. फोटोत बू मुर्तिनी फार मायाळू दिसतात. प्रत्यक्षातही दिसतात, फक्त इतका वेळ नाही.

वेनिंगचं गणित वेगळं. डाऊन सिंड्रोम असलेली ही अठरा वर्षांची मुलगी. शाळा संपत आलेली. शाळा संपली की अशा मुली घरच्या ओट्यावर बसतात, त्या बसूनच राहतात. तिच्या पुढच्या वर्गातल्या सगळ्या बसल्या होत्या. म्हणून हार्तोयो सरांनी वर्षभर तिच्याकडून एकच धडा घोटून घेतला होता: मालकीण म्हणेल ते ऐकायचं आणि तस्संच करायचं.

तिनं केलं. केळीच्या पानातला भात, गोड वडी, तळलेला टोफू, शेजारी हिरवी मिरची. मग खोक्याला "झोप आता" म्हणून झाकण लावायचं. आम्हा बाकीच्या बायकांनाही ती सवय लागली.

तिसऱ्या महिन्यात कंत्राट कचेरीतल्या साहेबांच्या मेहुणीला गेलं. बू मुर्तिनींनी लगेच निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सर आले, वेनिंगची आई सुकिनी आली. बू मुर्तिनींनी मुलीला मिठीत घेऊन डोळे टिपले.

"हे घर तुझंच आहे बाळा. दार सदा उघडं. कधीही ये हं!"

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: आता निघा. सुकिनीलाही कळला. वाकून, आभार मानून ती लेकीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेनिंग ॲप्रन बांधून दारात हजर.

"अगं, तू?"

"तुम्हीच म्हणालात, ये."

तोंडावर 'नको' म्हणणं आमच्यात बसत नाही. त्यापेक्षा माणूस घर बदलेल. बू मुर्तिनी आडून आडून सुरू झाल्या.

"दमली असशील ना गं?"

"नाही."

"आई घरी एकटी असेल."

"कोंबडी आहे."

"बाहेर ऊन किती! अशा वेळी घरी पडावं निवांत."

"मी कुठे बाहेर आहे?"

भात शिजवणारी तुमिनी हसू दाबायला पातेल्यात डोकं घालायचीच बाकी राहिली.

असे कितीतरी दिवस गेले. बू मुर्तिनींनी सरांना फोन केला. "सर, मुलगी फार गोड आहे हो. तिच्या विश्रांतीची तेवढी काळजी वाटते."

"अगदी खरंय, बू, अगदी खरंय," सर म्हणाले आणि शाळेच्या अहवालात वेनिंगपुढे 'नोकरीत' असं लिहून मोकळे झाले.

शेवटी सुकिनीला बोलावणं गेलं. ती केळ्यांचा घड घेऊन आली. "बू, पोरीनं फार त्रास दिला तुम्हाला. उद्यापासून घरीच ठेवते."

यावर मालकिणीनं नाही नाही म्हणायचं, आईनं हट्ट धरायचा, मग मालकिणीनं नाइलाजानं मान डोलवायची, ही रीत.

"त्रास कसला! ती नसली तर आम्हाला करमायचं नाही," बू मुर्तिनी रीतीप्रमाणे म्हणाल्या आणि थांबल्या.

पाळी सुकिनीची होती. तिनं आत पाहिलं. वेनिंग खोक्याला झोपवत होती.

"मग राहू दे," ती म्हणाली. "करमत नसेल तर काय करणार! पगार तुमिनीसारखाच, शनिवारी ना?"

आमचे सगळ्यांचे हात थांबले.

"अर्थात," बू मुर्तिनी म्हणाल्या. हसू तस्संच होतं, फक्त मालकीण त्यातून निघून गेली होती.

तेव्हापासून पगार दर शनिवारी मिळतो. सरांना वरून शाबासकी आली. गल्लीच्या भिशीत मात्र सुकिनीशी आता कुणी आडून बोलत नाही. हिला सूचक काही कळतच नाही म्हणे. म्हणून बायकांनी तिला, आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही असं, सरळ तोंडावर सांगितलं: पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. ती पुन्हा भिशीला गेली नाही. वेनिंगच्या नोकरीची किंमत बू मुर्तिनी हप्त्यानं भरतात. सुकिनीनं ती एकरकमी चुकती केली.