काठ नसलेलं ताट

शांतलिंगाला कुठं किती बोलावं हे कधीच कळलं नाही. पोटचा म्हणून आजवर झाकून ठेवलं. आता सत्तरी ओलांडली, मला कुणाची भीड नाही. त्या रविवारी गाडी लोहाऱ्याच्या बाहेर पडते न पडते तोच त्यानं आरशातून मागं बघत बापाला शिकवायला सुरुवात केली.

“अप्पा, ढेकर मोठी देऊ नका. चहा बशीत वतू नका. अन् म्हत्त्वाचं, ताट धुऊन पिऊ नका. पाव्हणे सोलापूरचे हायत.”

“बरं,” मालक म्हणाले.

“नुस्तं बरं न्हवं, ध्यानात ठिवा.”

“ठिवतो की.”

“सोलापूरचे म्हंजी आभाळातनं पडल्यात व्हय?” मी म्हटलं. “त्येंच्या बी गळ्यात आपल्यासारखंच लिंग हाय.”

“आव्वा, तुमी मधी बोलू नका. पोरीच्या जन्माचा सवाल हाय.”

कचेरीत कारकून झाल्यापासून तो मला ‘तुमी’ म्हणतो. आधी ‘तू’ म्हणायचा, तेव्हा ऐकायचा तरी.

पोरीच्या जन्माचा सवाल होता हे मात्र खरं. राजनंदिनी माझी नात. सोलापूरला औषधांचं शिकत होती, तिथंच रेवणसिद्ध नावाच्या मुलाची ओळख झाली. जात एक, गोत्राची अडचण नाही. पोरीनं आधी मला सांगितलं, मी शांतलिंगाला सांगितलं. मुलाकडचे म्हणाले, निम्म्या वाटेवर भेटू. शांतलिंगानं अणदूरच्या अलीकडं हायवेवर नवीन निघालेलं हॉटेल ठरवलं. मी म्हटलं होतं, घरी बोलाव, गव्हाची गोड हुग्गी करते. तर म्हणाला, “घर बघून त्येनला काय वाटंल?” त्या घरात तो जन्मला.

ताट धुऊन पिण्याचं सांगते. आमच्यात जेवण म्हणजे प्रसाद. दीक्षा घेतलेला माणूस ताटात शीत ठेवत नाही. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी ओतायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. लोहाऱ्यात ही रीत पाळणारे आता चार म्हातारे उरले असतील. त्यातले एक आमचे मालक. नाव घ्यायची वेळ आलीच आहे तर घेते, सिद्रामप्पा. एकेचाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीच्या तोंडाला कापडी नळी असते, तिच्यात मागच्याचं पीठ अडकून राहतं. दुसरे गिरणीवाले ते रात्री झटकून घरी नेतात. आमचे मालक प्रत्येक डब्यामागं नळीला थापट्या मारत बसायचे. पायलीभर दळण आणणारी असो की शेरभर, तिचं पीठ तिच्या डब्यात. लोक खोळंबायचे, शिव्या द्यायचे. मीही दिल्या. दुसरी गिरणी आली तेव्हा निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं. त्यांनी थापट्या सोडल्या नाहीत.

तर ते हॉटेल. छताला उलट्या छत्र्या टांगलेल्या. भिंतीवर प्लास्टिकचा पाला, त्यात इंग्रजी अक्षरं गुलाबी उजेडात पेटलेली. खुर्च्यांच्या जागी झोपाळे. मालकांचे पाय जमिनीला टेकेनात, मग वेटरनं त्यांच्यासाठी एक साधी खुर्ची आणली. तो वेटर भला होता, खोटं कशाला बोलू. पण काय काय आहे ते कागदावर नाही, मोबाइलवर बघायचं. सगळे माना खाली घालून बसले, मयताला बसावं तसे.

मुलाची आई अंगानं भरलेली, बोलायला गोड. वडील कमी बोलणारे, कपाळाला भस्म. मला ते भस्म बघून बरं वाटलं. राजनंदिनी आणि रेवणसिद्ध एकमेकांकडं बघत नव्हते, त्यावरूनच कळत होतं.

पाऊण तास काही आलं नाही. मग सूप आलं, ते चांगलं होतं. मग शेजारच्या टेबलाच्या शेवया आल्या, त्या परत गेल्या. पनीरची भाजी फारच छान. मला तसली जमणार नाही. पण भाकरी? एका खेळण्यातल्या बैलगाडीत उभे केलेले तीन तुकडे, गार, कडेनं वातड. शेंगाची चटणी चिमूटभर, नथीतल्या मोत्याएवढी. भात मधे कच्चा. एक काहीतरी धूर सोडत आलं, मुलाच्या आईला ठसकाच लागला.

“हिथलं फेमस हाय ते,” शांतलिंग म्हणाला.

“धूर फेमस हाय व्हय?” मी म्हटलं. “आमच्या चुलीला मग कुणीच कसं बघाय येत न्हाय?”

मुलाचे वडील मोठ्यानं हसले. शांतलिंगानं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याची बायको असते तर घाबरले असते. त्याची बायको घाबरली.

सगळ्यांनी निम्मं निम्मं टाकलं. मालकांनी टाकलं नाही. वातड भाकरी दाताखाली धरून धरून संपवली, कच्चा भात संपवला. शेवटी ताटात आमटीचं पाणी राहिलं. आणि ते ताट कसलं? मी दुसरीपर्यंत शाळेत गेले तेव्हा हातात असायची तसली काळी पाटी. सपाट. काठच नाही. बोटानं पुसून पुसून किती पुसणार?

वेटर ताट उचलायला आला. मालकांनी ताट धरून ठेवलं. शांतलिंगाकडं बघितलं, तो मोबाइलवर काही दाखवत होता. मग माझ्याकडं बघितलं. बारा वर्षांचे असताना दीक्षा झाली, तेव्हापासून एकदाही ताट तसंच सोडून उठलेला माणूस नाही तो. मी मान हलवली. प्या म्हटलं. माझी चूक म्हणा, माझा तोरा म्हणा. सकाळपासून त्या पोराची वटवट ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

त्यांनी पाणी ओतलं. काठ नसलेल्या ताटावर पाणी कुठं राहतं? चारी बाजूंनी धावलं. ते सांडू नये म्हणून मालक घाईनं खाली वाकले, टेबलाला तोंड लावलं आणि ताटाच्या कडेवरून ओढून प्यायले. आवाज आला. पलीकडच्या टेबलावरची एक बाई हसली. मुलाच्या आईनं पदर आवरला आणि पाय मागं घेतले.

कुणी काही बोलण्याआधी शांतलिंग बोलला. घाईघाईनं, हसत.

“मनावर घेऊ नका. अप्पांचं डोकं हल्ली जाग्यावर न्हाय.”

राजनंदिनी म्हणाली, “पप्पा!” तिला त्यानं हातानं गप्प केलं.

मुलाच्या आईनं हळूच विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“झाली चार-पाच वर्षं. गोळ्या चालू हायत. सोलापुरातच दावलंय.”

“अगं बाई. त्यांच्या वडिलांनाही होतं का असं?”

आता माणसानं थांबावं की नाही? पण लबाडी कागदावर पक्की करायची त्याला कचेरीत सवय लागली आहे. तो म्हणाला, “व्हय, तसं आज्याला बी होतं थोडं. शेवटी शेवटी.”

माझा सासरा मरायच्या दिवशी सकाळी बाजारातून बैल पारखून आला होता. त्यालाही ह्यानं येडं करून टाकलं. का, तर गोष्ट खरी वाटावी.

मी तोंड उघडणार होते. मग राजनंदिनीचा चेहरा बघितला. मी बोलले तर बाप खोटारडा ठरणार, आणि खोटारड्याची पोरगी कोण करतं? तिच्यासाठी मी ओठ मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच मिटले आणि नको तिथं मिटले.

मुलाची आई मालकांकडं वाकून, बहिऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, “आजोबा, गोळ्या घेता ना वेळेवर?”

मालकांनी उपरण्यानं दाढीवरचं पाणी टिपलं. एकदा लेकाकडं बघितलं. शांतलिंगानं डोळ्यांनी खूण केली.

“घेतो,” मालक म्हणाले.

मूठभर पिठासाठी कधी खोटं न बोललेला माणूस. मला त्या क्षणी तिथलं सगळं उलथून टाकावंसं वाटलं, छत्र्यांसकट.

बाहेर गाड्यांपाशी मुलाचे वडील माझ्याजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, “आव्वा, माझे वडील मरेपर्यंत ताट धुऊन प्याले. तुमच्या मालकांनी पाणी ओतलं तवा मला लई बरं वाटलं. म्हटलं, आता घर बघायची गरज न्हाय, सोयरीक झाली. पण तुमचा ल्योक म्हणतो, दुखणं हाय. ते बी दोन पिढ्यांचं.”

“कसलं दुखणं?” मी म्हटलं. “त्ये शाणे हायत. तुमच्या वडलांवानी.”

ते गरिबासारखं हसले. “घरचं माणूस असंच म्हणतं, आव्वा. म्हणायलाच पायजे.”

खोटं पटकन पटलं. खऱ्याला तोंड नव्हतं.

परतताना गाडीत शांतलिंग खुशीत होता. “बघा, कसं निभावून नेलं,” म्हणाला. मालक काचेतून बाहेर बघत होते. राजनंदिनी आजोबांचा हात मांडीवर घेऊन बसली होती.

मंगळवारी दुपारी फोन आला. आम्ही नुकते जेवायला बसलो होतो. शांतलिंग उभ्यानं बोलला, “हो, हो” म्हणाला, “तसं काही नाही हो” म्हणाला, मग नुसताच ऐकत राहिला. फोन ठेवला.

“पत्रिका जुळत न्हाय म्हणत्यात,” तो म्हणाला.

राजनंदिनी उठून आत गेली. दार लावलं नाही, आपटलं नाही. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

मालकांचं जेवण झालं होतं. घरचंच काठाचं ताट, त्यात त्यांनी पाणी ओतलेलं. बोट फिरवत होते. शांतलिंग त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“झालं समाधान? सांगितलं व्हतं का न्हाय गाडीत? प्या आता. पोरीचं वाटोळं केलं, त्येच्यावर पाणी प्या.”

मालकांचं बोट थांबलं. ताट दोन्ही हातांनी थोडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. पाणी हललं, थांबलं. मग भिंतीला धरून ते उठले आणि हात धुवायला मोरीकडं गेले. ताट तिथंच राहिलं, भरलेलं. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

सून मधे पडायला आली. मी तिला बाजूला सारलं.

“आव्वा, आता तुमी सुरू होऊ नका,” शांतलिंग म्हणाला. “म्या काय वाईट केलं? घराची अब्रू झाकाय गेलो.”

मोरीत तांब्या वाजत होता. मी आवाज चढवला नाही. मालकांना ऐकू जाऊ नये एवढाच ठेवला.

“शांतलिंगा, तुझी आब्रू झाकाय तू जित्या बापाला येडं केलंस, मेलेल्या आज्याला येडं केलंस. आता माझी पाळी हाय, मी वाट बघत न्हाय, मीच सांगते काय बोलायचं ते. मी मेल्यावर जे लोक दारात येतील त्येनला सांग, गौराबाईला पोरगं न्हवतं. लबाड बोलायची तुला सवय हाय. तेवढं एक माझ्यासाठी बोल.”