कार्ड वापरात आहे

आमच्या घरातला कॉम्प्युटर आमच्या ह्यांचा आहे. म्हणजे बाकीच्यांनी त्याला हात लावायला हरकत नाही, फक्त हात धुऊन, पुसून, आणि हे घरात असताना. चौतीस वर्षं ह्यांनी दगडाच्या खाणीत सुरुंग लावले. निवृत्त झाल्यावर माणसं फुलझाडं लावतात, नातेवाइकांकडे जाऊन चार दिवस राहतात. ह्यांनी एक डेस्कटॉप जोडून घेतला. त्याला डिस्क ड्राइव्ह दोन, कारण एक बिघडला तर? खाली कार्ड रीडर, पाच खाचांचा. त्यातल्या चार खाचांत बसतील अशी कार्डं मी आजवर पाहिलेली नाहीत, ह्यांनीही नाहीत. पण खाच असलेली बरी, असं ह्यांचं म्हणणं.

कार्ड घालणं सोपं. काढणं म्हणजे सोहळा. आधी पडद्यावर कॉम्प्युटरला विचारायचं, काढू का? मग त्याने 'आता काढायला हरकत नाही' असं लिहून दाखवायचं. ते हे मोठ्याने वाचणार, चष्मा पुसून पुन्हा वाचणार, आणि मगच दोन बोटांनी कार्ड ओढणार. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मला एकदाही काही इतकं अदबीने विचारल्याचं आठवत नाही.

तर त्या दिवशी आमच्या लेकीची मुलाखत होती.

लेक फोटोग्राफर आहे. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात चार वर्षं ती एका कारखान्यासाठी झाकणांचे फोटो काढत होती. डब्यांची झाकणं, बरण्यांची झाकणं, बाटल्यांची बुचं. पांढऱ्या कागदावर झाकण ठेवायचं, फोटो काढायचा, पुढचं झाकण. घरी आली की आमच्या डब्यांकडे बघायचीसुद्धा नाही. आणि आता संग्रहालयात जागा निघाली होती. जुन्या वस्तूंचे फोटो काढायचे, कायमची नोकरी. दुपारी चारला बोलावलं होतं आणि सांगून ठेवलं होतं की घरातल्या जुन्या वस्तूंचे चाळीस फोटो आणा, आणि ज्या कार्डावर काढले तेच कार्ड आणा. दुसऱ्यांचे उचललेले फोटो आणणाऱ्यांचा त्यांना वीट आला होता म्हणे.

सकाळी साडेदहाला तिने कार्ड ह्यांच्या हातात दिलं. तिच्या लॅपटॉपला ना डिस्कची सोय ना कार्डाची, आणि ह्यांचा हट्ट, की घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत घरात डिस्कवर पाहिजेच.

हे बसले. कार्ड आत गेलं. वरच्या ड्राइव्हचं बटण दाबलं, ट्रे बाहेर येईना. आतून नुसतं कुरकुर. ह्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा कुरकुर.

"अहो, ते बारीक भोक आहे ना पुढे, त्यात तार घालतात," मी म्हटलं. मागे दुकानात दुरुस्तीवाल्याला मी तसं करताना पाहिलं होतं.

"तारेचं काम तारेवाल्याने करायचं," हे म्हणाले आणि पुस्तिका शोधायला आत गेले. पुस्तिका सापडायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी केसांतला आकडा काढला, सरळ केला, भोकात घालून दाबला आणि ट्रे सुटकन बाहेर आला. आत ह्यांच्या निरोपसमारंभाची डिस्क होती, जी हे तीन वर्षं शोधत होते आणि मी हरवली म्हणून मला ऐकवत होते. मी ती टेबलावर मधोमध ठेवली आणि काही बोलले नाही. न बोलण्यातही एक मजा असते.

ह्यांनी ती बघितली, घसा साफ केला आणि प्रत खालच्या ड्राइव्हवर काढायला घेतली. वरच्यावर आता विश्वास राहिला नाही म्हणाले. पडद्यावर प्रतीची पट्टी सरकू लागली तसे हे अंघोळीला गेले, मला राखण करायला सांगून.

आता माणसाने राखण करताना करायचं काय? मी फोटो बघायला लागले. फोटो फार सुंदर होते, आई म्हणून सांगत नाही. आजोबांचा अडकित्ता, दात पडलेला कंगवा, खाणीतली शिट्टी. एकेक वस्तू अशी, की रोज डोळ्यांसमोर असून मी पाहिलीच नव्हती. आणि सदतिसावा फोटो मी होते.

मी! जुना गाऊन, कपाळावर चष्मा, खुर्चीत मान टाकून झोपलेली, आणि तोंड एवढं उघडं की दाढेतलं सिमेंट दिसावं. घरातल्या जुन्या वस्तूंमध्ये! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो फोटो पुसायला गेले. पुसेना. कार्ड कुलूपबंद आहे म्हणे. त्या कार्डाच्या कडेला एक इवलासा खटका असतो, तो खाली केला की आतलं काही पुसता येत नाही, आणि लेकीने तो बरोब्बर खाली केला होता. आईला ओळखून आहे कार्टी. तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं. मी घाईघाईने माझं तोंड पडद्याच्या खालच्या पट्टीत ढकललं आणि साळसूदपणे उठून भाजी निवडायला बसले.

बारा वीसला प्रत झाली. ह्यांनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटरने लिहिलं, कार्ड वापरात आहे, नंतर प्रयत्न करा.

"वापरात आहे म्हणतोय," हे म्हणाले.

"कोण वापरतंय?" लेक इस्त्री करता करता म्हणाली.

"ते सांगत नाही तो."

हे खुर्ची मागे घेऊन उठले, दोन पावलं लांब झाले आणि घड्याळात बघितलं. "अर्धा तास," म्हणाले.

हा खाणीतला नियम. लावलेला सुरुंग उडाला नाही, तर अर्धा तास त्याच्या जवळ जायचं नाही. मग जाऊन बघायचं. पुन्हा काही झालं नाही, तर पुन्हा अर्धा तास. नियम सुरुंगाचा होता, पण ह्यांनी तो सगळीकडे लावला आहे. मिक्सर अडकला तरी अर्धा तास. दाराचं कुलूप लागेना झालं तरी अर्धा तास, पाहुणे बाहेर उभे. मीसुद्धा एकदा रुसून खोलीत बसले होते, तर बरोबर अर्ध्या तासाने दारावर टकटक.

बारा पन्नासला विचारलं. वापरात आहे. एक वीसला विचारलं, वापरात आहे. मधल्या वेळात हे जेवले, तेही कॉम्प्युटरकडे तोंड करून. लेक म्हणाली, "बाबा, मी ओढूनच घेते."

"वापरात असताना ओढलं की आतलं सगळं जातं."

हे खरं होतं. तिच्या मैत्रिणीचं तसंच झालं होतं, अख्खं लग्न गेलं होतं, नवरा-नवरीला पुन्हा नटवून उभं करावं लागलं होतं. लेक म्हणाली, "कॉम्प्युटर बंद करा ना मग."

"वापरात असलेली वस्तू बंद करतात होय?"

एक पन्नास. वापरात आहे. हे शेजारच्या घरी जाऊन विचारून आले, तुमच्याकडून कोणी आमचं कार्ड वापरतंय का? शेजारी म्हणाले, आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही. हे म्हणाले, तरी बघून घ्या.

दोन वीस. वापरात आहे. दोन चाळीसला कोपऱ्यावरून बस होती. ती चुकली की चारला पोचणं नाही, आणि चारनंतर कोणाला आत घेणार नाही असं पत्रातच लिहिलं होतं. लेक बूट घालून, पिशवी खांद्याला लावून ह्यांच्या मागे उभी. दोन वाजून एकोणतीस मिनिटांनी ती वाकली आणि म्हणाली, "बाबा, खाली पट्टीत हे काय उघडं आहे?"

मी पडद्यापुढे आडवी यायला धावले.

तिने त्यावर दाबलं. अख्खा पडदा भरून मी. तोंड उघडं, दाढ, सगळं.

"आई," लेक म्हणाली.

"मी पुसत होते तो," मी म्हटलं. "जुनी वस्तू म्हणे! मग पुसेना, म्हणून लपवला. मला काय माहीत त्यालाच वापरणं म्हणतात?" मला रडूही येत होतं आणि स्वतःच्या तोंडाकडे बघून हसूही येत होतं, आणि दोन्हींची लाज वाटत होती. पोरीची चार वर्षांनी आलेली संधी मी माझ्या जबड्यापायी अडवून धरली होती.

लेकीने फोटो बंद केला. "झालं बाबा. आता विचारा त्याला."

ह्यांनी घड्याळ बघितलं. "शेवटचं दोन वीसला विचारलं. दोन पन्नासला विचारू."

"पण आता कारण सापडलंय!"

"कारण सापडलं असंच वाटतं दर वेळी," हे म्हणाले.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. ह्यांचा जोडीदार होता खाणीत, बरोबरीचा, एकाच डब्यात जेवणारा. कारण सापडलं, तार सुटली आहे, म्हणाला आणि पंधराव्या मिनिटाला आत गेला. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. लेकीला ते माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की बाप घड्याळ बघतोय.

ती वाद घालेल असं मला वाटलं. ती खुर्चीवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. "राहू दे बाबा," म्हणाली. "झाकणं काही एवढी वाईट नसतात."

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दोघी आत जा. दार लावून घ्या."

"अहो, कार्ड आहे ते," मी म्हटलं.

"आत जा म्हटलं ना."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मी दार लावलं, पण फट ठेवली. हे पुढे झाले. कॉम्प्युटरला विचारलं. 'आता काढायला हरकत नाही,' ह्यांनी मोठ्याने वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग हात खाचेपर्यंत नेला आणि तिथेच थांबले. मान दुसरीकडे वळवली, डोळे गच्च मिटले, मानेवर घाम. आणि ओढलं.

काही झालं नाही. काय होणार होतं? बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक. लेकीने ते घेतलं आणि सुटी नाडी तशीच फरफटवत बसकडे धावली. हे मात्र उभे होते तिथून हलले नाहीत. मी पाणी दिलं तर पेल्यातलं निम्मं शर्टावर सांडलं. दोन पन्नास झाले तेव्हा कुठे खुर्चीत बसले.

सहाला फोन आला. मी कान लावून ऐकलं. "मिळाली, बाबा! सोमवारपासून या म्हणाले. आणि मी आत शिरले ना, माझ्यामागे दार लावून घेतलं त्यांनी. माझ्यानंतर दोघं आले, ते बाहेरच राहिले."

हे "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. मी लेकीशी रडत, हसत, तिला शिव्या देत बोलले. फोन ठेवून वळले तर हे बंद कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"बाराव्या मिनिटाला काढलं मी ते," हे म्हणाले. चोरी कबूल करावी तशा आवाजात. "पुन्हा नाही काढणार."

"नका काढू," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.