हार्डन्ड इमेज

उर्वीने पुन्हा एंटर दाबलं आणि पुन्हा तीच लाल ओळ आली: जोडणी नाकारली.

"आत शिरून बघता आलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं," ती चरफडली.

पण आत शिरायची वाटच नव्हती. नोंदी गोळा करणारा प्रोग्रॅम ज्या कंटेनरमधून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यातून चालायचा, त्याची ही नवी इमेज, म्हणजे तयार साचा, हार्डन्ड होती. गरजेपुरतं सोडून सगळं काढून टाकलेलं, आत जाऊन कमांड द्यायची सोयसुद्धा. वर ती फक्त मान्यताप्राप्त कूटलेखनातच, म्हणजे एन्क्रिप्शनमध्येच बोलणार. रोह्याच्या या रसायन कारखान्यात टाक्यांचे अलार्म पाठवणारं मशीन मात्र जुनं कूटलेखन वापरत होतं. सकाळपासून एक नोंद आत आली नव्हती.

समोर कारखान्याची सुरक्षा अधिकारी नमिता बसली होती. नवीच इमेज पाहिजे, हा हट्ट तिचा.

फोन वाजला. पेणच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातून उर्वीचा मॅनेजर, पुष्कर.

"अगं, जुनीच इमेज टाक आणि तिला नवीचं नाव दे. कोण उघडून बघतंय?"

उर्वीने फोन ठेवला. खरं तर तिलाही तेच करून मिळेल त्या गाडीने घर गाठायचं होतं.

"मॅडम, आजच्यापुरती जुनी चालवू या? काम तेच करते."

"नाय."

"अहो, पण का? तुम्हाला फरक दिसणारसुद्धा नाही!"

आवाज चढला, हे तिचं तिलाच कळलं. नमिताने पेनाला टोपण लावलं.

"गेल्या वर्षी व्हॉल्व्ह गळला. काळुराम म्हणून ऑपरेटर होता. त्यानं अलार्म दाबलेला, मी माझ्या कानानं ऐकलेला. चौकशी आली तेव्हा नोंदीत ती ओळच नाय. जुन्यात कुणीपण आत शिरून पुसू शकतो. सगळं त्याच्यावर आलं. घरी बसलाय."

"तुमचे नात्यातले?"

"कोण नाय. माझ्या शिफ्टला होता."

उर्वीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिने दोन्हीकडच्या सेटिंग्ज पुन्हा तपासल्या.

"एक मार्ग आहे," ती म्हणाली. "तुमच्या अलार्मच्या मशीनचंच सॉफ्टवेअर बदलायचं, म्हणजे ते नव्या कूटलेखनात बोलेल. पण तेवढा वेळ अलार्म चालणार नाहीत. टाकी भरणं थांबवावं लागेल."

नमिताने कारखान्याच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. पलीकडचं बोलणं उर्वीलाही ऐकू येत होतं. टँकर खोळंबलेत, अजिबात थांबवायचं नाही.

"ऐकलं, साहेब," म्हणून नमिताने फोन ठेवला. मग ती उठली आणि भिंतीवरचा लाल खटका खाली ओढला.

बाहेरची पंपांची घरघर थांबली.

उर्वीने मान वर न करता काम उरकलं. मशीन बंद होऊन चालू झालं आणि ओळ हिरवी झाली. अडकून पडलेल्या नोंदी भराभर उतरू लागल्या. त्यातली शेवटची होती: टाकी भरणे बंद, आदेश सुरक्षा अधिकारी, आणि पुढे नमिताचं पूर्ण नाव.

तेवढ्यात नमिताचा फोन वाजला. या वेळी साहेब ओरडतच होते. कुणी थांबवलं, उद्या नोंद काढून बघतो म्हणाले.

उर्वीचा हात आपसूक कीबोर्डवर गेला. मग तिने तो मागे घेतला.

"नाही पुसता येत," ती म्हणाली. "इथून निघालेली ओळ सील होऊनच जाते. मलासुद्धा हात लावता येत नाही. पुष्करलाही नाही. सॉरी, मॅडम."

नमिताने भिंतीपासूनच स्क्रीनकडे पाहिलं. पंप पुन्हा सुरू करायला तिने खटक्यावर हात ठेवला होता.

"राहू दे गो," ती म्हणाली. "नाव नीट आलंय ना, तेवढं बघ."